वन्संनी चालू केलं

भावजयीला पाण्यात पाहायला ताईला कारण कधीच लागलं नव्हतं. या खेपेला मात्र कारण होतं, आणि ते तिच्याच टेबलावर येऊन बसलं होतं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोनी ठिपके, कडेला टोकदार पिनांची रांग. ना झाकण, ना पडदा, ना बटणं. याला म्हणे कॉम्प्युटर म्हणायचं. आणि या कॉम्प्युटरने म्हणे ताईची भट्टी सांभाळायची.

भट्टी म्हणजे लाकूड वाळवायची. वखारीच्या मागच्या अंगाला विटांची बंद खोली, आत ओल्या फळ्यांच्या थप्प्या, खालून वाफेचे नळ, वर पंखे. लाकूड घाईने वाळवलं की तडकतं, रेंगाळत वाळवलं की बुरशी धरतं, आणि मधली वाट एकट्या ताईला ठाऊक होती. दर दोन तासांनी काचेतून दोन तापमापक बघायचे, एक कोरडा, दुसरा ओल्या कापडाची वात बांधलेला. दोघांतला फरक मनात धरायचा आणि त्याप्रमाणे झडपा उघडायच्या नाहीतर मिटायच्या. वडील गेल्यापासून अठरा वर्षं तिने डोळ्यात तेल घालून हे केलं होतं. भट्टीला लागून असलेल्या खोलीतच तिची खाट, तिचं कपाट, तिचा चहाचा स्टोव्ह. लग्नाचं विचारायला आलेल्यांना तिने उभ्या उभ्या वाटेला लावलं होतं, भट्टी कोण बघणार म्हणून. वखारीतली माणसं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे पारा. हे तिला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

मग गेल्या महिन्यात तिला ताप भरला. दोन दिवस ती खाटेवरून उठली नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. सांगायचं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी झडपांना हात लावू द्यायचा, आणि त्यापेक्षा मेलेलं बरं. ती मेली नाही, पण अडीचशे फळ्या तडकल्या. भाऊ चार दिवस तडकलेला माल मोजत राहिला. पाचव्या दिवशी खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, ताई, राग मानू नकोस. आता राग मानू नकोस म्हणून सुरू झालेलं बोलणं माणसाला राग आणूनच संपतं, हे काय ताईला कुणी शिकवायला हवं? भाऊ सांगत होता की झडपांना मोटारी बसवायच्या, तापमापक विजेचे घ्यायचे, आणि हे सगळं एका लहानशा कॉम्प्युटरने चालवायचं. त्याला कोरडी, धूळ नसलेली जागा हवी. अशी जागा एकच, ताईची खोली. ताईने घरात राहायला यावं, स्वयंपाकघराशेजारची खोली रिकामीच आहे.

स्वयंपाकघराशेजारची. म्हणजे सकाळी उठल्यापासून भावजयीच्या भांड्यांचा आवाज ऐकायचा आणि तिने वाढलेलं खायचं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं ते सांगायची गरज नव्हती. भावजय लग्नाआधी एका मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहायची. घरात येऊन चार वर्षं झाली, पण ताईने तिला भट्टीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आता तीच आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला निघाली होती.

ताई भांडली नाही. तिने करवतवाल्याला हाक मारून बोलावलं, साक्षीला. मग भावाला म्हणाली, "तुझ्या बायकोने पुढच्या शनिवारी चार वाजेपर्यंत ते चालवून दाखवावं. चाललं तर मी माझी खाट उचलते. नाही चाललं, तर पुन्हा माझ्या भट्टीचं नाव या घरात कुणी काढायचं नाही."

शनिवारी संध्याकाळी जाड फळ्यांचा नवा माल भट्टीत चढायचा होता, म्हणून शनिवार. भाऊ हो म्हणाला. भावजयही हो म्हणाली, आणि हसून म्हणाली, ते ताईला जास्त झोंबलं.

पण देवाच्या दारी उशीर असला तरी न्याय होतोच, असं ताईला त्या आठ दिवसांत वाटायला लागलं. कारण ते हिरवं कार्टं काही केल्या चालेना. भावजय रोज सकाळी लॅपटॉप घेऊन ताईच्या खोलीत येई, ताईच्याच खुर्चीवर बसे आणि नखाएवढ्या कार्डावर लिनक्स का काय ते, कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते, उतरवे. फुकट मिळतं, म्हणे. त्यावर ताई म्हणाली, फुकटचं आहे म्हणूनच चालत नसेल. कार्ड पट्टीत खोचलं, वीज दिली की तांबडा दिवा लागे, हिरवा चारदोनदा लुकलुके, आणि संपलं. पट्टीला स्वतःचा पडदा नव्हता. ती काय करते ते कळायला तिच्या तीन पिनांतून तीन बारीक वायरी लॅपटॉपपर्यंत ओढल्या होत्या, एक काळी, एक हिरवी, एक पांढरी. पट्टी जागी झाली की लॅपटॉपवर अक्षरं उमटणार होती. आठ दिवस लॅपटॉपवरची ती चौकट काळीठिक्कर होती.

भावजयीने कार्ड बदललं. चार्जर कमजोर असेल म्हणून दुसरा आणला. लिनक्सच्या वेगवेगळ्या तीन प्रती उतरवून पाहिल्या. प्रत्येक वेळी वहीत नीट तारीख घालून लिहून ठेवलं, कारण बाई शिस्तीची. वहीच्या पहिल्या पानावर वायरींचं चित्रसुद्धा होतं, रंगीत पेन्सिलींनी काढलेलं, आणि रोज सकाळी ती चित्राशी वायरी ताडून बघे. ताई स्टुलावर बसून हे सगळं बघत असे. बाळंत होऊन इतके दिवस झाले तरी पोरगं रडेना, असं ती करवतवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे. भावजय दातओठ खाई पण उलटून बोलत नसे. फक्त एकदा म्हणाली, "वन्सं, ही खोली जरा कोंदट नाही का हो? माल चढला की मी इथे पंखा लावून घेईन." त्यानंतर ताईने तिला चहा विचारायचंही बंद केलं.

शनिवार उजाडला. साडेबारापर्यंत काळी चौकट काळीच होती आणि ताईचं पोट आनंदाने भरलं होतं. तेवढ्यात भावजयीचा फोन वाजला. पूर्वीच्या कंपनीतला कुणी होता. त्याने लिनक्सची एक वेगळी प्रत पाठवली होती आणि ही या पट्टीवर नक्की चालते, मी स्वतः चालवली आहे, असं शपथेवर सांगत होता. भावजयीचा चेहरा उजळला. तिने प्रत कार्डावर उतरवली, कार्ड पट्टीत बसवलं, पण वीज दिली नाही. दोन घास खाऊन येते आणि मग शांतपणे चालू करते, असं म्हणून ती घराकडे गेली.

ताई एकटी राहिली. बाहेर करवत बंद होती, जेवणाची सुट्टी. अठरा वर्षांत तिने कुणाचं काही चोरून केलं नव्हतं. भांडली होती, शिव्या घातल्या होत्या, एका हमालाच्या अंगावर पाण्याची बादली ओतली होती, पण सगळं समोरासमोर. आता मात्र तिची नजर पट्टीवरून हटेना. शपथेवर सांगतो म्हणजे चालणार. चाललं म्हणजे खाट उचलायची, आणि ती अट आपणच घातलेली. हात दाखवून अवलक्षण.

ती उठली. कार्ड काढून फेकावं तर लगेच कळेल. वायर तोडावी तर दिसेल. मग तिला भट्टीचा पंखा आठवला. पंख्याच्या मोटारीच्या तीन वायरींतल्या दोन एकमेकींच्या जागी लावल्या की पंखा उलटा फिरतो. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, वायरी तीनच्या तीन जागच्या जागी, आणि हवा मात्र भलतीकडे. एका वीजवाल्याने असं करून ठेवलं होतं तेव्हा कारण सापडायला तिला दोन दिवस लागले होते. या बाईला तर आठवडा लागेल, आणि हातात होते तीन तास.

तिने काळी वायर तशीच राहू दिली. हिरवी उपसली, पांढरी उपसली. पांढरीच्या जागी हिरवी खोचली, हिरवीच्या जागी पांढरी. तिचे हात जाड, फळ्या उचलून घट्टे पडलेले, आणि पिना सुईएवढ्या. पण तिने दोन्ही नीट बसवल्या. मग स्टुलावर जाऊन बसली.

भावजय आली, बसली, वीज दिली. तांबडा दिवा लागला. ताईने तोंडावर पदर घेऊन खोकल्याचं निमित्त केलं, हसू लपवायला.

आणि लॅपटॉपवरची काळी चौकट पांढऱ्या अक्षरांनी भरायला लागली. एक ओळ, दहा ओळी, शंभर ओळी, भराभरा वर सरकत होत्या. ताईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण काय झालं ते कळलं. भावजय खुर्चीवरून उठून उभी राहिली. अक्षरं थांबली आणि शेवटी एक रेघ लुकलुकत राहिली, नाव सांगा म्हणून. भावजयीने नाव टाइप केलं, मग पासवर्ड, आणि दोन्ही हात गालांवर ठेवून ती लहान मुलीसारखी हसली.

मग तिचं हसू हळूहळू गेलं. शिस्तीची बाई. शेवटच्या प्रतीने खरंच फरक पडला का, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने वीज बंद केली, पहिल्या दिवशीचं कार्ड शोधून खोचलं, वीज दिली. त्यावरूनही अक्षरं धो धो आली. दुसरं कार्ड. तेही चाललं. म्हणजे पट्टी पहिल्या दिवसापासून जागी होती. आठ दिवस ती बोलत होती आणि ऐकू कुणालाच येत नव्हतं.

भावजयीने वही उघडली. पहिल्या पानावरचं चित्र बघितलं, मग वायरी बघितल्या, मग पुन्हा चित्र. ताई भिंतीकडे बघत होती.

"वन्सं," भावजय म्हणाली, "तुम्ही वायरींना हात लावलात."



मग भावजयीने जे सांगितलं त्यात रागच होता, पण निम्मा स्वतःवरचा. तीनांतली एक पिन बोलायची असते आणि एक ऐकायची. पट्टीची बोलायची पिन लॅपटॉपच्या ऐकायच्या पिनेला लावायला हवी. तिने पिनांवरची नावं वाचली आणि सारख्याला सारखं जोडलं, बोलणारीला बोलणारी, ऐकणारीला ऐकणारी. नीट, रंग लावून, वहीत चित्र काढून. इतकी वर्षं प्रोग्राम लिहिले पण वायर कधी हातात धरली नव्हती, आणि शाळेतल्या पोरानेही केली नसती अशी चूक आठ दिवस रोज सकाळी ताडून पाहिली.

"आणि तुम्ही ती दुरुस्त केलीत," ती म्हणाली. "मोडायला गेलात आणि दुरुस्त केलीत."

करायला गेली काय आणि वर झाले पाय. ताईला वाटलं, तेच वायरींचं भेंडोळं उचलून हिच्या तोंडावर फेकावं. पण फेकून काय होणार होतं? चूक आता दोघींना माहीत होती.

पुढच्या तासाभरात भावजयीने उरलेलं काम उरकलं. प्रोग्राम तिने आठवड्यापूर्वीच लिहून ठेवला होता, तो पट्टीवर चढवला. तापमापकांच्या वायरी जोडल्या, झडपांच्या मोटारी जोडल्या. साडेतीनला भट्टीच्या छतावरची पहिली झडप कुणाचा हात न लागता कुरकुरत उघडली. तो आवाज ताईने अठरा वर्षं स्वतःच्या हाताने काढला होता. आज तो बसल्या जागी ऐकू आला तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारला भाऊ आला, मागे करवतवाला आणि दोन हमाल, पैजेचा निकाल बघायला. भावजयीने झडप उघडून दाखवली, मिटून दाखवली. हमालांनी माना डोलावल्या. भाऊ बायकोची पाठ थोपटायला पुढे झाला तेव्हा ती बाजूला सरकली.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "माझ्या वायरी चुकल्या होत्या. वन्संनी बरोबर लावल्या. वन्संनी चालू केलं."

ताईने तिच्याकडे बघितलं. भावजयीच्या डोळ्यांत कौतुकाचा थेंब नव्हता. तिने फार विचार करून हे केलं होतं. स्वतःची चूक चारचौघांत कबूल करायला तिला किती जड गेलं असेल ते तिच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं, पण त्या बदल्यात तिने ताईला कायमची बांधून टाकली होती. स्वतःच चालू केलेल्या यंत्राला ताई उद्या नावं कशी ठेवणार?

भावाने ताईचे दोन्ही हात धरले. मला वाटलं तू आडवी येशील, तो म्हणत होता, आणि तूच हात दिलास, मी तुला ओळखलंच नाही. वडील असते तर त्यांना आनंद झाला असता, असंही म्हणाला. वडिलांचं नाव निघालं आणि ताईला ते सहन झालं नाही. तिने हात सोडवून घेतले.

"मी मोडायला गेले होते," ती म्हणाली. "बंद पडावं म्हणून वायरी उलट्या लावल्या. माझं नशीब फुटकं, म्हणून चाललं."

मग करवतवाला खो खो हसला, त्याच्यामागून हमाल. ताईचं बोलणंच असं, तो म्हणाला, कौतुक केलं तरी ही बाई चावणार. भाऊही हसला, डोळे पुसत पुसत. ताईने पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द, आणि ते पुन्हा हसले. अठरा वर्षं तिच्या प्रत्येक शब्दाला घाबरणारी माणसं, आणि आज ती खरं बोलत होती तर त्यांना ते विनोद वाटत होता. एकटी भावजय हसली नाही.

माल चढवायला हमाल गेले, भाऊ त्यांच्यामागे गेला. जाताना म्हणाला की खाट आणि कपाट आजच घराकडे पोचवतो, ताई, तू काही उचलू नकोस. खोलीत दोघीच उरल्या. भावजय खुर्चीवर, ताई स्टुलावर.

भावजयीने घसा खाकरला. प्रोग्रामला आकडे हवे होते. कुठल्या दिवशी किती उष्णता, दोन तापमापकांत किती फरक, झडप कधी उघडायची. पुस्तकातले आकडे घातले असते, पण पुस्तकातल्या आकड्यांनी या भट्टीत माल तडकतो असं भाऊ म्हणत होता. खरे आकडे कुठेच लिहिलेले नव्हते. ते ताईच्या डोक्यात होते.

"दोन इंची फळी," भावजय म्हणाली. तिने ताईकडे बघितलं नाही. "पहिले पाच दिवस किती ठेवू?"

ताईच्या एकदम लक्षात आलं की तिच्या हातात अजून सगळं आहे. पंचेचाळीसच्या जागी पंचावन्न म्हणायचं, बस. दहाव्या दिवशी सगळ्या फळ्या उभ्या चिरल्या जातील, दोष पट्टीच्या माथी, लिनक्सच्या माथी, या बाईच्या माथी. भाऊ स्वतः येऊन पाया पडेल, ताई परत चल म्हणेल. कुणाला कधी कळणार नाही. या वेळेला चुकून दुरुस्त होण्याची भीतीही नव्हती.

भिंतीपलीकडे हमाल फळ्या रचत होते. फळी फळीवर बसल्याचा आवाज येत होता. माल चांगला होता, ओला, जड, रेषा सरळ असलेला. सकाळी तिने स्वतः एकेक फळीवरून हात फिरवून निवडला होता.

"पंचेचाळीस," ताई म्हणाली. "वातीचा बेचाळीस. पाच दिवस त्याच्यावर जायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी."

भावजयीची बोटं थांबली. "खरं सांगताय ना, वन्सं?"

"तुझ्याशी माझं वैर आहे," ताई म्हणाली. "फळ्यांशी नाही. लिही."

भावजयीने लिहिलं. सहावा दिवस, आठवा दिवस, बारावा. इंचाच्या फळीचे वेगळे, दारांच्या चौकटींचे वेगळे. पावसाळी हवेत वातीचा फरक कसा धरायचा, पंखे कधी उलटवायचे, शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा वाफ का द्यायची. ताई सांगत गेली आणि ती लिहीत गेली, चोवीस दिवसांचा सगळा हिशोब. वडिलांनी जे सांगायला सहा वर्षं घेतली होती ते तासाभरात संपलं. ताईने आणखी काही राहिलंय का ते आठवून पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग हो बाहेर. मला दार लावून घ्यायचंय, धूळ येते." रोज संध्याकाळी, जो कुणी खोलीत रेंगाळत असेल त्याला ती हेच म्हणत आली होती.

भावजय खुर्चीवरून उठली नाही. पडद्यावर आकडे दर मिनिटाला बदलत होते आणि ती ते बघत होती. बाहेरून भाऊ हाक मारत होता, खाट न्यायला माणूस आलाय म्हणून.

"दार मी लावते, वन्सं," भावजय म्हणाली.

ताई उठली, आणि बाहेर जाऊन उभी राहिली.